अण्णांच्या मोटारीचा हट्टी काटा

चहा आधी खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मला बोल लावायचा न्हाई! फजित्या माझ्या लई झाल्यात, पण दुसऱ्याच्या मोटारीचं वायरिंग करता करता स्वतःचीच सोयरीक मोडायला निघालेला मिस्त्री अख्ख्या बीदर जिल्ह्यात मीच एक.

तेव्हा हैद्राबाद राज्य मोडून आमचं बीदर मैसूर राज्यात गेलं होतं, म्हणजे आम्ही नुकतेच मैसूरवाले झालो होतो. माझं वय चोवीस, बीदरला मोटारीच्या इलेक्ट्रिकचं एवढंसं दुकान. अन् खटकचिंचोळीला गुरपादअण्णा, तुरीचे मोठे व्यापारी. त्यांच्याकडं एक जुनी काळी मोटार होती, हैद्राबादच्या कुण्या नवाबाकडनं घेतलेली. त्या मोटारीवर अण्णांचा लई जीव. अन् त्यांची लेक महादेवी, तिच्यावर माझा! तिच्यासाठी माझं स्थळ गेलं होतं. अण्णांचा निरोप आला, "खंडेनवमीला ये. गाडी साफ कर, पूजा कर. तुझ्या हातचं काम बघतो, मग बोलू."

गेलो की! डायनामो पुसला, वायरी आवळल्या. शेवटी कटआउट उघडला. कटआउट म्हणजे बॉनेटखालचं एक काळं डबडं. त्यातले दोन पॉइंट एकमेकांना चिकटले, तरच डायनामोची वीज बॅटरीत जाते. ते पॉइंट मी पॉलिश पेपरनं असे घासले, की नव्यासारखे चमकायले.

तेवढ्यात महादेवी पूजेचं ताट घेऊन आली. हिरवं इरकल, हातात विभूतीची वाटी. बांगड्या वाजल्या अन् मी गेलो! उभा अंगणातच होतो हो, पण गेलो. डोळ्यापुढं तुरीची पिवळी फुलं, लाल मातीचा रस्ता, मोटार मी चालवायलोय, शेजारी महादेवी, अन् चाकं जमिनीला लागतच न्हाईत. मोटार नुसती तरंगायली... त्याच तंद्रीत ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली अन् दिसंल तिथं पट्टे ओढत सुटलो. चाकं, बॉनेट, डायनामो, पाना, पक्कड, माझं कपाळ.

"पुरे की," ती हळूच म्हणाली. "आता काय आमच्या म्हशीला बी लावताव?"

मी लाजून चूर. घाईघाईनं डबड्याचं झाकण लावलं, स्क्रू आवळला अन् होळगी, म्हणजे पुरणपोळी, खायला बसलो. तीन खाल्ल्या. चव मात्र आठवत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णा घरच्यांना घेऊन औरादच्या पाहुण्यांकडं निघाले. अण्णांना हॉर्नची भारी हौस. माणूस दिसो, बकरी दिसो, पों! अर्ध्या वाटंत बॅटरी खलास. बैलं जुंपून मोटार घरी आणावी लागली. त्यात सण! वाटंत भेटंल तो थांबायचा, अण्णांच्या हातात दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची पानं ठेवायचा अन् विचारायचा, "कामून अण्णा, मोटारीला बैलं?"

सकाळी मला बोलावणं. मी नवी, भरलेली बॅटरी घेऊन गेलो. अण्णा बाजेवर बसलेले.

"मिस्त्री म्हणवून घेतोस व्हय रं? सांजच्या आत तो काटा हालला पायजे. न्हाई हालला, तर तुझी पक्कड उचल, बीदरची बस धर, अन् सोयरिकीचं नाव काढू नको!"

काटा म्हणजे अँपमीटरचा. बॅटरी भरायला लागली की तो उजवीकडं जातो. मी इंजिन चालू केलं, काट्याकडं बघितलं. पठ्ठ्या हालना! डायनामोला टेस्ट लँप लावला, बल्ब झकास पेटला. म्हणजे डायनामो चांगला. बॅटरी नवी. मग वायर तुटली असणार! कोण तोडणार? उंदीर!

"अण्णा," मी छाती काढून बोललो, "तुमच्या गोदामात उंदरं हायत. त्यांनी वायर कुरतडली."

"माझ्या गोदामात उंदरं?" अण्णा ताडकन उठले. सगळी पोती अंगणात काढायला लावली. गाव गोळा झालं. निघालं काय? एक धष्टपुष्ट मांजर अन् तिची चार पिल्लं. उंदराची शेपूट बी न्हाई!

आता माघार कशी घेणार? सगळं वायरिंग उपसलं. लाल, पिवळ्या, हिरव्या वायरी अंगणभर पसरल्या. मोटारीखाली उताणा पडून नवी वायर ओढायलो होतो, तर त्या वायरी मला बाशिंगाच्या लडी दिसायल्या. सनई बी ऐकू आली. खरंच! डोक्यात पाना पडला तेव्हा थांबली.

उन्हं कलली. नवं वायरिंग, नवी बॅटरी, अन् काटा तिथल्या तिथं. बीदरची बस डोळ्यापुढं दिसायली.

महादेवी भाकरी घेऊन आली. "त्या काळ्या डबड्यात बघितलं का?"

"ते मी स्वतः साफ केलंय," मी फणकारलो. "माझ्या हातच्या कामात खोट निघायची न्हाई!"

"उघड," अण्णा म्हणाले.

उघडलं. काय सांगू! विभूतीचे तीन पट्टे, अगदी ठसठशीत. दोन पॉइंटांच्या मधी राख वाळून टणक झालेली. वीज जाणार कुठनं?

मी राख खरवडली, पॉइंट घासले, इंजिन चालू केलं. काटा टुण्णकन उजवीकडं! पण आता काय उपयोग? मी मान खाली घालून पक्कड पिशवीत टाकली.

"थांब," अण्णा म्हणाले. "विभूती लावताना ध्यान कुठं व्हतं रं तुझं?"

मी महादेवीकडं बघितलं. ती आत पळाली. अण्णा आधी गुरकावले, मग असे हसायले, की बाज करकरायली.

"पोरगी दिली," ते म्हणाले. "पण ती समोर असताना माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई!"

लग्नाला आता लई वर्षं झाली. दर खंडेनवमीला विभूतीची वाटी माझ्या हातात द्यायच्या आधी महादेवी विचारते, "डबड्याचं झाकण लावलंय का?" मी म्हणतो, "लावलंय." तरी बी ती उठते, अन् स्वतः जाऊन बघून येते. अन् सांगायला लाज वाटते, पण अजून बी दर दोन-तीन वर्षांनी ते उघडंच निघतं!