नवाईआधीची काकडी

शहाद्याच्या एका कॉलेजात उमाकांत सर तत्त्वज्ञान शिकवत. जग खरं की भास, वस्तू म्हणजे काय, तिचे सगळे गुण काढून घेतले तर मागे काय उरतं, असल्या प्रश्नांत शिरले की सर जेवणखाण विसरत. स्वतःचं नव्हे, विद्यार्थ्यांचं. तास हमखास मधल्या सुट्टीत घुसायचा. तरी पहिल्या बाकावरची सुनिता खिळून ऐके. ती पावसाळ्यात घरी गेली ती परतलीच नाही, तेव्हा सर मोटारसायकल काढून म्हसावदच्या वर, सातपुड्यातल्या तिच्या पाड्यावर जाऊन पोचले. तिचे वडील आमशा तिला दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत नेणार होते. त्यांचं मन वळवायचं होतं.

आमशांनी खाट टाकली, पाणी दिलं आणि साधंच विचारलं, की पोरगी तिथे शिकते तरी काय?

झालं. असा श्रोता सरांना वर्गात कुठला मिळायला? उदाहरणासाठी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुडावरच्या वेलाला कोवळी काकडी लोंबत होती. सरांनी ती खुडली. हिचा हिरवा रंग काढा, म्हणाले. गारवा काढा. आता चव काढा. आणि चव काढण्याच्या भरात कचकन चावा घेतला.

"सांगा, काय उरलं?"

सुनिताची आई नानीबाई हातातलं सूप तसंच धरून थांबली.

सुनिता मान खाली घालून म्हणाली, "सर, आमची नवाई व्हायचीय अजून."

नवं पीक आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, तोवर घरातलं कोणी ते तोंडात घालत नाही, हे सरांना ठाऊक नव्हतं असंही नाही. सुनिताने वर्गात सांगितलं होतं. सरांनी 'छान, छान' म्हणून मान डोलावली होती आणि पुढे बोलत सुटले होते.

घास गिळवेना, थुंकवेना. कान तापले. नानीबाई पावरी बोलीत बराच वेळ बोलत राहिली. सुनिताने त्यातलं एक अक्षर मराठीत सांगितलं नाही, त्यावरूनच सरांना सगळं कळलं.

शेवटी आमशा हसले. "राहू द्या सर. पोपटाला आन लहान पोराला देव माफ करतो. तुम्हाला बसवू कुठंतरी त्यांच्यात."

सरही हसले, पण नुसत्या दातांनी.

"तिच्यासाठी एवढ्या वर आलात, पोरीला पाठवतो," आमशा म्हणाले. "पण जगाला एवढं इचारता, तर हात लावायच्या आधी घरच्यालाबी इचारत जा."

उरलेली काकडी सरांनी रुमालात गुंडाळून शहाद्याला आणली. टाकायची हिंमत होईना. फडताळात तिचे गुण आपणच एकेक करून गेले. वास तेवढा वाढत राहिला.

सुनिता आली. गुण काढायचा तो धडा पुन्हा निघाला, तेव्हा उदाहरणासाठी सरांनी तिच्या पेनाकडे हात नेला, मध्येच थांबवला आणि विचारलं, "घेऊ का?"

वर्गाला काही कळलं नाही. सुनिता ओढणीत तोंड लपवून हसली, आणि सरांचे कान परत तापले.