ओसरीवरची रजा

चहा होईपर्यंत सांगून टाकते. आमच्या आत्याबाई शेलूबाजारच्या बाजाराला गेल्यात. त्या परत आल्या की हा किस्सा त्याच सांगायला बसतील, आणि त्यांच्या सांगण्यात माझी उरलीसुरली अब्रूही भाजीच्या भावाने जाईल!

मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक गरीब समजतात. समजू द्यावं, फायद्याचं असतं. पण माझा अनुभव विचाराल तर खोटं बोलायलाही फार शब्द लागत नाहीत. मी दोनच वाक्यं खोटी बोलले. एक घरी, एक शाळेत. घोटाळा एवढाच झाला की एक दिवस ती दोन्ही वाक्यं एका खोलीत समोरासमोर आली.

झालं असं. लग्न होऊन मी मंगरूळपीरला आले आणि लगेच मुलींच्या शाळेत मला दुसरीचा वर्ग मिळाला. सासर माळ्याचं. गावाबाहेर मळा, मळ्यातच घर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, जे म्हणाल ते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं,

"नोकरी कर, माही ना नाही. पन सकाळच्या भाकरी तुह्या. भाकरीले सुट्टी नसते."

शाळेत गेले तर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या,

"लग्न झालंय, आनंद आहे. पण प्रार्थनेला हजर पाहिजे. प्रार्थनेला सुट्टी नसते."

आता तुम्हीच सांगा, माणसानं भाकरी थापावी की हात जोडावे? मळ्यावरची माणसं पहाटेपासून राबतात, भाकरी मोजून खात नाहीत. टोपलं भरता भरता तिकडे घंटा व्हायची. मी शाळेच्या फाटकात पोचायची तेव्हा मुली 'बस खाली' झालेल्या असायच्या आणि माझ्या कोपराला ज्वारीचं पीठ!

एक दिवस मोठ्या बाईंनी गाठलंच. "काय हो बाई, आज काय?"

कुठून सुचलं देव जाणे. मी खाली बघून म्हटलं, "सासूबाई बाहेर बसल्यात."

मोठ्या बाईंचा चेहरा असा उतरला म्हणता! "अहो, मग सगळा स्वयंपाक तुमच्यावरच! आधी नाही का सांगायचं? चार दिवस पहिला तास मी बघते. तुम्ही सावकाश या."

सावकाश या! नोकरीत हे शब्द कोणी कोणाला म्हणतं का?

इकडे घरी निराळीच गंमत. आमच्याकडे बाईचे चार दिवस कडक पाळतात. ओसरीवर वाकळ, ताट दुरून, चुलीला आणि पाण्याच्या रांजणाला हात लावायचा नाही. पहिल्यांदा माझी खरोखरची पाळी आली तेव्हा मला अपमान वाटला. मुलींना मी स्वच्छतेचा धडा शिकवते, आणि घरी मलाच कोपऱ्यात बसवतात! पण संध्याकाळी वह्या तपासून झाल्या, उद्याचं टाचण काढून झालं, पाय लांब करून झाले, तरी कोणी हाकच मारेना. आत भांडी वाजतायत, आणि ताट आयतं येतंय! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं वेडे, ही शिक्षा नव्हे. ही रजा आहे!

मग काय! शाळेत चाचणी परीक्षा आली की घरी मी बाहेर. मळ्यात मेथी खुडायची घाई झाली की शाळेत आत्याबाई बाहेर. असं वेळापत्रक खुद्द शिक्षण खात्यालाही जमलं नसतं. तोटा एकट्या आमच्या यांचा झाला. हे विहिरीवरचं डिझेल इंजिन सांभाळतात. नवी बायको सारखी ओसरीवर, म्हटल्यावर यांचं तोंड त्या इंजिनासारखं काळं पडलं. पण आईला विचारणार कोण?

अशात तपासणी आली. साहेब येऊन माझा पाठ बघणार आणि मी कायम व्हायचं की घरी बसायचं ते ठरवणार. मी आदल्या दिवशीच ओसरी गाठली. पुठ्ठ्याची फळं कापली, तक्ते रंगवले. आणि निरोप आला की साहेबांची जीप बिघडली, तपासणी पुढच्या आठवड्यात!

माझे चार दिवस संपले, न्हाऊन घरात आले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ओसरीवर. साहेबांना ताप! तपासणी आणखी पुढे. तुम्हाला हसू येतंय, पण मला तेव्हा घाम फुटला होता. तिसऱ्या आठवड्यात मी वाकळ उचलली तशा आत्याबाई दारातच उभ्या.

"काहून वं, पुन्हा?"

"हो."

"आत्ता तं झालं होतं!"

"हो."

"अवो बाप्पा!" त्या कपाळाला हात लावून मटकन खालीच बसल्या. "पोट्टीच्या आंगातलं सारंच चाल्लं ना वं!"

त्या दिवसापासून उंबराच्या सालीचा काढा सुरू झाला. पेला भरून, सकाळ-संध्याकाळ. कडू म्हणजे किती कडू? कारल्याला गूळ म्हणावं इतका! आणि त्या समोर उभ्या. "पे. सारा पे. बुडाशी ठेवू नोको." माझ्या वाटच्या भाकरी त्यांनी थापल्या, जुड्या त्यांनी बांधल्या, आणि कंबर धरून मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाल्या, "नोकरीनं पोरीचं रगत आटवून टाकलं हो!"

मला लाज वाटली. खरंच वाटली. पण तपासणी दोन दिवसांवर होती, म्हणून उरलेली लाज मी तपासणी झाल्यावर वाटून घ्यायचं ठरवलं.

अखेर साहेब आले. पाठ झकास झाला. मुलींनी पुठ्ठ्याचं सीताफळ ओळखलं. साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेत होते, शेरा लिहायला पेन काढलं होतं, मी दाराशी उभी. आणि बाहेरून बाजारात भाव पुकारायच्या आवाजात शब्द आले,

"मोठ्या बाई कुठी बसते वं?"

माझ्या पायाखालची फरशी गेली. आत्याबाई! डोक्यावर वांग्यांची पाटी!

त्यांनी पाटी थेट साहेबांच्या खुर्चीजवळ उतरवली. "तुमीच का मोठ्या बाई? मी या मास्तरीनबाईची सासू."

मोठ्या बाई लगबगीनं उठल्या. "या, या! बसा. आता बरं आहे ना तुम्हाला?"

"मले काय धाड भरली? मी सुनेचं सांगाले आली. तिले आराम द्या. पोट्टी दर आठ दिवसाले बाहेर बसून राह्यली!"

साहेबांचा कप बशीवर खडखडला. ते उठले आणि भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात काहीतरी अत्यंत निकडीचं शोधायला लागले.

"सून?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "अहो, पण बाहेर तर तुम्ही बसता ना? या बाई तर मला..."

"मी?"

झालं! भेटली दोन्ही वाक्यं! मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी, नकाशातूनच, कान इकडे केले. आणि आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईक गुपचूप चार मिरच्या जास्तीच्या पिशवीत सरकवतं ना, तेव्हा त्या बघतात, तसं.

आता नोकरी गेली. घरही गेलं. माहेरच्या गाडीची वेळ मी मनात आठवायला लागले.

आत्याबाईंनी पदर सावरला. "हो," त्या म्हणाल्या. "मी बी बसतो."

"या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसल्या बाई! मळ्यातल्या बाईचं आंग हाये, वांग्याच्या झाडावानी. पानी देत राहा, धरतच राह्यते."

साहेब नकाशाला नाक लावून खोकले.

"मग... दोघी बाहेर बसल्यावर स्वयंपाक कोण करतं?" मोठ्या बाईंचा प्रश्न गणिताच्या बाईंना शोभेल असा होता.

"तोच तं वांधा हाये ना!" आत्याबाई दुप्पट आवाजात म्हणाल्या. "म्हनून तं आली. सकाळी तिले एक तास सोडा, सांजच्याले एक तास जास्त ठेवून घ्या. काम तुमचं बी होते, आमचं बी. काहो सायब?"

"हो हो हो! काहीच हरकत नाही!" साहेब नकाशाकडेच बघत म्हणाले. त्यांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला, 'काम समाधानकारक, कायम करावे', आणि अर्धा चहा टाकून जीपमध्ये बसले. जीप कधी नव्हे ती पहिल्या फटक्यात सुरू झाली.

परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी रिकामी पाटी माझ्या डोक्यावर ठेवली. वांगी मोठ्या बाईंना दिली होती. मी न बोलण्यात पटाईत, पण त्या दिवशी त्या माझ्यापेक्षा सरस निघाल्या. मळ्याच्या कुंपणाशी आल्यावर त्यांनी विचारलं,

"काढा कडू होता का वं?"

"लय कडू होता, आत्याबाई."

"हं. उद्या बी पेजो."

एवढंच! मला वाटलं, स्वस्तात सुटले. किती भोळी मी!

पुढच्या महिन्यात एका सकाळी उठून बघते तर माझ्या जागी ओसरीवर वाकळ, आणि वाकळीवर आत्याबाई. पाय लांब, तोंडात पान.

"आत्याबाई, हे काय?"

"बाहेर बसली मी. मोठ्या बाईपाशी बोलली ना? माह्या तोंडाले खोटं कायले लावू? चल, चहा आन. दुरून ठेवजो."

मामाजी पेरूच्या झाडाखालून ओरडले, "म्हातारे, डोक्शावर परिनाम झाला का तुह्या?"

"तुमी शिवू नोका!"

आता दर महिन्याला हेच. भाकरी माझ्या, जुड्या माझ्या, रांजण माझा. त्या ओसरीवरून सांगतात, "मीठ कमी पडलं. उद्या पाह्यजो." मिळालेली सकाळच्या तासाची सूटही पुरेना झाली. परवा दुसराही तास बुडाला तेव्हा मोठ्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "सासूबाई बाहेर बसल्यात." अक्षर न् अक्षर खरं हो! पण मोठ्या बाई काळजीत पडल्या. "या वयात हे बरं नाही. त्यांना म्हणावं, उंबराच्या सालीचा काढा घ्या. दोन वेळा."

मी घरी येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. हो, थोड्या आनंदानंच सांगितला!

आत्याबाईंनी पानाची पिंक टाकली. "बराबर हाये बाईचं. मोठ्या मानसाचं आयकाव. पन मी बाहेर बसलेली, चुलीवरच्या काढ्याले शिवू कशी? आता माह्या वाटचा बी तूच पेत जाजो."

तर तो चहा तुमचा तुम्ही घ्या. माझा पेला तो तिकडे झाकून ठेवलाय.