दांडी जावयाची, बटण सासूबाईंचं

कोपऱ्यावर सलून चालवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे खटपट्या म्हणत. घरातला मिक्सर भंगारातून उचललेला, पंखा कुणाच्या तरी माळ्यावरचा आणि स्कूटर अशी, की उतार असल्याशिवाय सुरूच होत नसे. याच स्कूटरपायी तो स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला, आणि तेव्हापासून सासूबाई त्याच्याशी थेट बोलत नसत. तो समोर बसलेला असला तरी लेकीला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, दार लावा." तोही मुकाट्याने उठून लावायचा.

गुडघे कुरकुरू लागून हातात काठी आल्यावर लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं. त्यांची उभी हयात सूतगिरणीत गेलेली. "काय मेलं हे घर! टाचणी पडली तरी ऐकू येते. अशानं झोप लागते का माणसाला?" असं म्हणत त्या दिवसभर खिडकीत बसून राहायच्या. अन्नावरची वासनाही उडाली होती.

अशात एका सुट्टीच्या दिवशी खटपट्या भलंमोठं धूड उराशी धरून जिना चढला. सलूनमध्ये दाढीला येणारे दातांचे डॉक्टर घर बदलत होते, त्यांनी देऊन टाकलेलं.

"आता हे काय?" बायकोने विचारलं.

"एस्प्रेसो मशीन. एकदम कडक कॉफी काढतं. दुधाला वाफही देतं."

"तोंडाची वाफ दवडायला मी आहे की घरात!"

मशीनने अर्धा ओटा अडवला. पुढून चकचकीत, पण दुधाच्या नळीला आंबूस वास, आणि फटीफटींत जुन्या कॉफीची पुटं. खटपट्याने दुपारभर जुन्या टूथब्रशने ते घासलं. मग पाणी भरलं, दांडीच्या गाळणीत कॉफी दाबली, दांडी खाचेत अडकवली आणि बटण दाबलं.

मशीन आधी खोकलं, मग घरघरलं, मग असं थरथरलं की ओट्यावरचे चमचे नाचू लागले. दांडी सैल झाली आणि काळ्या पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या शर्टावर!

"झालं समाधान?" बायको म्हणाली.

पण स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. काठी खिडकीपाशीच राहिली होती.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. लेकीला नव्हे, त्याला!

रबराची रिंग झिजलेली, त्यामुळे दांडी दोन्ही हातांनी दाबून धरावी लागणार होती. बटण दुसऱ्या कुणीतरी दाबायचं. "मला माझा चहा बरा," म्हणत बायको सटकली. सासूबाई पदर खोचून पुढे आल्या.

"घट्ट धरा, जावईबापू. सोडलीत तर याद राखा!"

मशीन घरघरू लागताच त्यांनी मशीनच्याच पाठीवर तळवा ठेवला. "अगदी आमच्या गिरणीतल्या खात्यासारखं," त्या हळूच म्हणाल्या. कपात बोटभर काळी कॉफी उतरली, वर बदामी फेस. एक घोट घेऊन त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"कडू जहर! साखर घाला आणि आणखी काढा."

दुसऱ्या कपाबरोबर त्यांनी पाव मागून घेतला. खटपट्याला धीर आला. "एवढ्या आवाजात तुम्ही गिरणीत बोलायचात कसं, आई?"

"बोलायचं कशाला? ओठ वाचायचे. पुढच्या रांगेतली बाई काय म्हणते ते आपल्या जागेवरून कळायचं." त्या थांबल्या. "लग्नाच्या दिवशी मला बघून तुम्ही लांबूनच पुटपुटलात ना, 'ही बाई आता मला कच्चा खाणार' म्हणून?"

खटपट्याने कप ओट्यावर ठेवला. म्हणजे राग उशिराचा नव्हताच! "आई, ते... म्हणजे... घाबरलो होतो हो."

"दिसत होतं की! खाल्लं का पण?" आणि त्या अशा खदखदून हसल्या, की चहाचा कप घेऊन बायको धावत आली.

पुढच्या आठवड्यात त्याने नवी रिंग आणून बसवली. दांडी आता पक्की बसते, एकट्याचं काम आहे. तरी रोज सकाळी बायकोला अंथरुणातूनच ऐकू येतं: "भुकटी जास्त झाली!" "तुम्ही बटणाचं बघा, आई!" "मला शिकवू नका!" दोघं हमरीतुमरीवर आली की ती सुखाने कूस बदलते आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेते.