आई, आलाबला आणि चियांग माई

निवृत्त झाल्यावर आईनं एकच हट्ट धरला, थायलंडचे विहार बघायचे. निपाणीच्या प्राथमिक शाळेत शिकवण्यात उभा जन्म काढलेली बाई. परदेश तिला पहिला आणि मलाही. मी बेळगावात वकिली करते, त्यामुळे तयारीही खटला उभा करावा तशी केली. विहारात खांदे झाकायचे, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. "संपलं का गं तुझं कायदं? मला भडंग बांधायचं हाय," आई म्हणाली.

निपाणीहून बसनं बंगळूर, तिथून विमानानं बँकॉक, पुढं चियांग माई. हॉटेलापेक्षा एखाद्या घरात उतरा. स्वस्त पडतं आणि सकाळी गरम भात-रस्सा मिळतो. रश्श्यात माशाचा सॉस असतो, शाकाहारी असाल तर आधीच सांगा.

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. आम्ही उतरलो त्या घराच्या मालकिणीची, नोईची, लहान लेक नवा फ्रॉक घालून पुढं आली. "लई ग्वाड पोरगी गं!" म्हणत आईनं तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून आलाबला घेतली. आपल्याकडचं लेकरू यावर लाजून हसतं. ही रडत आत पळाली आणि नोईचा चेहरा उतरला. तिथं डोकं म्हणजे देहातली सगळ्यात पवित्र जागा, परक्यानं हात लावायची नव्हे.

आई खोलीत येऊन बसली. "मला परत कुटं न्हेऊ नकोस," एवढंच म्हणाली. बाबा गेल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती.

सकाळी बघते तर आई ओसरीवर नोईसमोर हात जोडून उभी. मी समजावून सांगायला पुढं झाले, तर मलाच अडवलं. "मी बोलते की. तू फकस्त मोबाईल धर. चुकलं माझं बाई. आमच्यात असं करून लेकराची इडापिडा आपल्यावर घेत्यात."

मोबाईलनं ते थाई भाषेत म्हटलं. नोईनं लेकीला बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं. पोरीनं आपणहून डोकं वाकवलं. आईनं आधी नोईकडं बघितलं, तिनं मान हलवली, मगच हात पुढं गेला.

मग नोईच आम्हाला विहारात घेऊन गेली. बायकांचं त्रिशरण सुरू झालं. चाल वेगळी, पाली तीच, आई घरी रोज म्हणते ती. आईनं वर्गात कविता म्हणावी तसा खणखणीत आवाज लावला. बायका वळून बघायला लागल्या. ही माझी आई आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

जाणार असाल तर नियम पाठ कराच. तरीही चुकाल. चुकलात तर तोंड लपवू नका, आईनं केलं तसं समोर जा.

परवा शेजारच्या आक्कांनी आईला विचारलं, "बाई, झालं न्हवं मनासारखं? आता बसा घरात निवांत."

"घरात कशाला?" आई म्हणाली. "पासपोर्ट दहा वर्साचा हाय."