साडूंची करवत आणि काठोकाठ चहा

यंत्रे विकत घेणारी माणसे जगात पुष्कळ असतील. परंतु एखादे यंत्र ज्याच्या घरी खऱ्या अर्थाने नांदले, असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे साडू. फैजपूरला त्यांची केळीची बाग आहे आणि बागेतल्या खोलीत पेट्रोलवर चालणारी, साखळीची एक करवत आहे. गाव तिला ‘कटर’ म्हणते. साडू मात्र नुसतेच ‘ती’ म्हणतात. ‘ती आता झोपली,’ ‘ती तापली, तिला आता पाजायचं नाही,’ अशी वाक्ये ऐकून नवखा पाहुणा चहाचा घुटका गिळायचा विसरतो. तिच्या निवासासाठी खोलीत लोखंडी कपाट आहे. हे कपाट माझ्या सासऱ्यांनी थोरल्या मुलीला लग्नात दिलेले. त्यामुळे माझ्या मेव्हणीचा शालू आजतागायत पत्र्याच्या पेटीत आहे. “माह्या कपाटात यायनं सवत ठेवली,” असे ती माझ्या पत्नीला दर भेटीत सांगते.

सवतीची बडदास्त मात्र पाहण्यासारखी असते. काम संपल्यावर ती पूर्ण निवेपर्यंत तिच्यात पेट्रोल ओतायचे नाही, हा पहिला नियम. स्पार्क प्लगची टोपी काढल्याशिवाय साखळीला बोट लावायचे नाही, हा दुसरा. दातांना धार लावायची ती गोल कानशीने, एकाच दिशेने, आणि प्रत्येक दाताला अगदी सारखी. एका दाताचे लाड झाले की करवत त्या बाजूला ओढते, असे ते सांगतात, आणि हे मुलांच्या बाबतीतही खरे असल्याचे मी शिक्षक म्हणून मान्य केले आहे. हंगाम संपला की टाकीतले पेट्रोल डब्यात काढायचे, उरलेसुरले मोकळ्या हवेत यंत्र चालवून जाळून टाकायचे, कारण जुने पेट्रोल आत चिकटून बसते. मग हवेची जाळी स्वच्छ करायची, साखळीला तेल द्यायचे, पात्यावर म्यान चढवायचे, कपाटाला कुलूप लावायचे आणि किल्ली करदोट्याला बांधायची. पेट्रोलचा डबा वेगळ्या खोलीत, चुलीपासून दूर. एकदा शिरपूरहून आलेल्या त्यांच्या व्याह्यांनी त्या डब्याच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बिडी पेटवली. साडूंनी खुर्ची व्याह्यांसकट उचलली, बांधावर नेऊन ठेवली आणि म्हणाले, “आता ओढा निवांत. इथून केळी चांगली दिसते.” व्याही अजूनही त्याला मानपान समजतात.

करवत मागायला येणाऱ्यांचे स्वागत ते चहाने करीत. कपबशी काठोकाठ भरलेली असे. पाहुणा हात लांब करून ती घेई, दोन शब्द बोले, आणि साडू त्याच्या तोंडाकडे न पाहता बशीकडे पाहत. बशी कोरडी राहिली तर किल्ली निघे. थेंब सांडला तर, “आज तिचं मन नाही हो,” एवढेच उत्तर. त्या चहाच्या चवीची गावात कीर्ती होती. परीक्षेची वार्ता कोणालाच नव्हती. मला ती कळली, कारण मी नापास झालो आणि कारण विचारले. “हात स्थिर नसंल त्यानं तिले हात लावू नये, गुरुजी,” ते म्हणाले. “मंग तो कोनीबी असो.”

गेल्या दिवाळीपासून साडू स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊ लागले. पेल्याला बशी नसते. त्यांच्या उजव्या हाताला बारीकसा कंप सुटला होता. घरात सर्वांना दिसत होता आणि कोणीही त्याचा उच्चार करीत नव्हते.

मग यंदाच्या उन्हाळ्यात वादळ आले. मी तेव्हा त्यांच्याकडेच होतो. बांधावरचा जुना कडुनिंब शिवाररस्त्यावर आडवा पडला आणि त्याच्या पलीकडे शेजाऱ्याचा केळीने भरलेला ट्रक अडकला. वादळातून वाचलेला तेवढाच त्याचा माल. साडूंचा मुलगा जळगावला, पाइपच्या कारखान्यात कामावर गेलेला. शेजारी धावत आला, “आबा, काढा कटर! उन्हात घड पिकू लागतीन!”

साडू उठले. करदोट्याकडे गेलेला हात मध्येच थांबला. त्यांनी सुनेला हाक मारली, “कपबशीत चहा आन. काठोकाठ.”

“आता चहा?” शेजारी ओरडला.

साडूंनी हात लांब करून बशी धरली. कप आधी किणकिणला, मग चहाचा एक बारीक ओघळ बशीत उतरला. साडू बशीकडे बराच वेळ पाहत राहिले. मी केळीच्या बागेकडे पाहत राहिलो.

“आज तिचं मन नाही माह्यासंगं,” ते शेवटी म्हणाले. मग करदोट्याची किल्ली सोडवून त्यांनी ती सुनेपुढे धरली.

सून शिरपूरची, अहिराणी बोलणारी. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हंगामात तिने नुसत्या आवाजावरून सांगितले होते, “आबा, साखळी ढिली शे.” तेव्हापासून कानस तिच्या हाती होती; लहान ओंडके ती सासऱ्यांच्या देखत कापतही असे. पाहुण्यांचा काठोकाठ कप तीच आणून देई आणि बशी कोरडी राही; आपण केव्हाच उत्तीर्ण झालो आहोत, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

“आबा, मी?”

“मंग कोन?”

“सुनेच्या हाती कटर?” शेजारी म्हणाला. “गाव हासंल, आबा.”

“हासू दे. हासताना लांब उभा राहा मात्र.”

तिने हेल्मेट, चष्मा, हातमोजे चढवले. यंत्र जमिनीवर ठेवले, साखळीचा ब्रेक लावला, मागच्या मुठीत पाय रोवला आणि दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्याला यंत्र बोलले. खोडाचा भार कुठे आहे, फांदीला ताण कुठे आहे, हे तिने आधी पाहून घेतले होते. टोक टेकले की करवत उसळते, म्हणून पात्याचे टोक कुठेही टेकू दिले नाही. साडू स्वतःच घालून दिलेल्या अंतरावर उभे होते, ओठ हलत होते, जणू मुलाची तोंडी परीक्षा चालली आहे. ट्रक सुटला, चालकाने हॉर्न वाजवला. करवत निवल्यावर तिला पुसून, तेल देऊन झोपवण्याचे काम साडूंनीच केले. ते काम आजही त्यांचेच आहे.

परवा पुन्हा गेलो. स्टीलचा पेला फळीवर पालथा होता. सुनेने माझा कप भरला आणि सासऱ्यांचा हलकेच दोन बोटे कमी ठेवला.

“पुरा भर, बाई,” साडू म्हणाले.

“सांडाई जाई, आबा.”

“सांडू दे. बशी कशाले असते मंग?”

तिने काठोकाठ भरला. कप किणकिणला, चहा सांडला, आणि साडूंनी आधी बशीतला चहा सावकाश फुंकून प्यायला. सून करवतीच्या खोलीत गेली तेव्हा तिच्या कमरेची किल्ली वाजली. साडूंनी मान वर केली नाही, पण त्यांचा कान तिकडेच होता.