उभ्या माणसाले काम सांगणारी मार्थाबाई

दारात कोणी नुसतं उभं राहिलं का मार्थाबाई त्याले "या, बसा" म्हणत नव्हती. ती काम सांगे. "अवं, ह्या कापडाचं टोक धर." "भाऊ, तेवढी खिडकी लावता का, ऊन येऊन राहिलं." माणूस हातातलं खाली ठेवे, आत येऊन टोक धरे, खिडकी लावे. मंग त्याच्या ध्यानात ये का आपण तं आत आलो. तवा ती म्हणे, "आता आलेच आहा तं बसा दोन मिनिटं."

कापड म्हणजे चॅपलातल्या मेजावरचं पांढरं कापड. आमच्या मोठ्या चर्चच्या बाजूले ते लहान चॅपल. वर कवेलू, आत आठ बाकडे, समोर लाकडाचा क्रूस. चर्च रविवारी उघडे. चॅपल रोज सकाळपासून दिवे लागेपर्यंत उघडं राहे. कोणीही याव, चूप बसाव, आपली प्रार्थना कराव. तिथली झाडझूड मार्थाबाईकडे होती. बुटकी, काळी, एका डोळ्यात मोतीबिंदू, लुगडं मात्र दुधासारखं पांढरं. ते कापड ती दिवसातून किती वेळा घडी करे, देवाले मालूम. मले लय मांगून समजलं का ते घडी कराले एकट्या माणसालेही जमते.

माह्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव मारोती. नाव घ्याची मले सवय नाही, पण इथं घेतो, म्हणजे घोळ नको. आम्ही पारशिवनीकडच्या एका खेड्यातले. लग्नाले चार वर्षं झाले अन् ह्यायच्या हाताले समजणं बंद झालं. बिडी बोटापर्यंत जळे, तरी ह्यायले पत्ता नाही. वास मले येई. मंग गावाले समजलं का महारोग आहे. सासूनं ह्यायचं ताट अन् पितळेचा गिलास वेगळा केला, गोठ्यात ठेवला. मी तिले दोष देत नाही. तिच्या घरात लहान पोरं होते. पुढं गावानं म्हटलं, जा. आम्ही गेलो. निघताना तो गिलास मी घेतला, कारण मांगं ठेवला असता तं त्याले कोणी हात लावला नसता.

नागपुरात एका दवाखान्यात पांढऱ्या गोळ्या भेटत. किती वर्षं खाल्ल्या. रोग गेला, बोटं काही परत आले नाहीत. मी संत्र्याच्या पेट्या भराच्या कामावर लागली. काटोलकडून माल ये, आम्ही बाया पेटीत धानाचं तणस घालून त्याच्यावर संत्रे रचो. माहा हात चांगला होता. एका दिवशी हे मले भाकर द्याले आले अन् मुकादमानं ह्यायचे हात पाहिले. मले म्हणे, "उद्यापासून फळाले हात लावू नको." लुगड्याचं तणस झटकलं अन् निघाली.

त्याच दिवशी आम्ही त्या चॅपलापाशी आलो. शहरातल्या महाल भागातून पायीच निघालो होतो. दारात कडूलिंबाची सावली होती, बाकी काही मतलब नव्हता. छप्पन साली नागपुरात मोठी दीक्षा झाली, त्याले आठ-नऊ वर्षं झाले असतील तवाची गोष्ट.

"उभी काय राहिली वं? टोक धर," असं आतून ऐकू आलं.

मी धरलं. मालक बाहेरच. हात शेल्यात लपवून उभे. कापडाची घडी झाली तशी ती त्यायच्याकडे गेली. "दादा, रोजची घंटी वाजवाची वेळ झाली. माह्याच्यानं आता दोरी ओढल्या जात नाही."

"बाई, मले बोटं नाहीत," मालक म्हणाले.

"मंग? घंटी काय बोटानं वाजते? जोर लागते."

तिनं दोरीचं टोक ह्यायच्या मनगटाले गुंडाळलं, वरून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलं, अन् म्हटलं, "ओढा." मालकानं ओढलं. चर्चची घंटी लय मोठी, तिचा आवाज दूरपर्यंत जाई. ह्यायनं इतक्या जोरानं वाजवली का पाद्रीसाहेब घरातून हात धुवाचे राहून बाहेर आले, त्यायले वाटलं आग लागली. मार्थाबाई म्हणे, "पहिला दिवस आहे साहेब, होते." पाद्रीसाहेब नवीन होते, जवान होते. ते हसले अन् परत जेवाले गेले.

त्या दिवसापासून घंटी ह्यायची. मांगं एक खोली रिकामी होती, ती आम्हाले भेटली. मी मार्थाबाईसंगं झाडझूड करू लागली.

तिथं मी कोण कोण नाही पाहिलं. रिक्षेवाले येत. एक काटोलचा शेतकरी बसची वाट पाहत बाकड्यावर घोरत पडे, ती त्याच्या डोक्याखाली गाण्याचं पुस्तक ठेवून दे. एका दिवशी वस्तीतली एक बाई दारात उभी, पोराची मॅट्रिकची परीक्षा होती. मार्थाबाईनं तिले खिडकी लावाले सांगितलं. ती म्हणे, "आम्ही बौद्ध आहो जी." मार्थाबाई म्हणे, "मी काय विचारलं? मी म्हटलं खिडकी लाव." ती बाई बसली. मांगून पोरगा पास झाला तवा पेढे घेऊन आली, अन् आल्याबरोबर खिडकी लावली. बाहेर आभाळ भरून होतं, उनाचं नाव नव्हतं.

कोणी मार्थाबाईले तिची जात विचारे, तं ती खरंच विचारात पडे. लहानपणी दुष्काळात कोणी तिले मिशनच्या फाटकात ठेवून गेलं होतं. "मलेच मालूम नाही वं," ती म्हणे. "ज्याले लय घाई आहे त्यानं वर गेल्यावर विचारून घ्याव. अन् समजलं तं मलेही सांगाव."

ख्रिस्ती व्हा, असं तिनं आम्हाले सात वर्षांत एकदाही म्हटलं नाही. मालकानंच म्हटलं, "मी साऱ्यायले घंटी वाजवून बोलावतो, अन् मेजाच्या वेळी बाहेर बसतो. मले आत जाव वाटते." आम्ही दोघायनं बाप्तिस्मा घेतला. लोक आले, गाणे झाले, पेरू वाटले. तिथपर्यंत सारं सरळ होतं.

पुढं महिन्याचा पहिला रविवार आला. त्या दिवशी आमच्याकडे प्रभुभोजन राहते. लोक कठड्यापाशी गुडघे टेकतात. पाद्रीसाहेब प्रत्येकाले भाकरीचा लहान तुकडा देतात, अन् मंग रसाचा चांदीचा प्याला एकाच्या तोंडाहून दुसऱ्याच्या तोंडाले लावत जातात. रस मार्थाबाई करे. शुक्रवारी काळ्या मनुका भिजवे, शनिवारी उकळून कापडातून गाळे.

चर्चच्या पंचात दाऊदराव म्हणून होते. कचेरीत नोकरी, चष्मा, शिस्तीचे. वाईट माणूस बिलकुल नव्हता. मी चॅपल पुसून राहिली होती तवा ते पाद्रीसाहेबाले सांगत होते, "मारोतीनं जरूर याव. पण त्याच्यासाठी वेगळा गिलास ठेवा."

"डॉक्टरचा कागद आहे ना दाऊदराव. रोग गेला, कोणाले लागत नाही," पाद्रीसाहेब म्हणाले.

"कागद खरा आहे. माहं मन मानत नाही. माह्या घरी दोन नाती आहेत."

पाद्रीसाहेब म्हणाले, "मी विचार करतो."

मी पोछा पिळला अन् घरी आली. मालकाले काही सांगितलं नाही. मले वाटलं, साहेबाले तरास, लोकायले तरास, अन् इतकी लहान गोष्ट. तोच पितळेचा गिलास काढला, चिंच लावून घासला. सोन्यासारखा झाला. शनिवारी तो घेऊन मार्थाबाईकडे गेली. ती मनुका गाळून राहिली होती.

"हा कोणाचा वं वच्छले?"

"ह्यायचा जी. उद्यासाठी."

"काहून?"

"लोकायले तरास नको."

तिनं गाळणं बाजूले ठेवलं. गिलास हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. गोठ्याची गोष्ट तिले मालूम होती, मीच सांगितली होती. म्हणे, "तुह्या सासूनं वेगळा केला, ती भेली होती. तू काहून करून राहिली?"

गोठ्यातून जो मी उचलून आणला, तोच मी पुन्हा वेगळा ठेवाले आणला होता. तिनं मटक्यातलं पाणी त्या गिलासात घेतलं, बाहेर जाऊन मोगऱ्याचे फुलं तोडून आणले, त्याच्यात घातले अन् चर्चमधल्या मेजावर नेऊन ठेवला. "फुलायले गिलास पाहिजेच होता. पहिला तडकला."

"मंग ह्यायले?"

"मी मनुका एकाच गंजात उकळल्या. दुसरा गंज चुलीवर चढवला नाही." इतकं म्हणून ती परत गाळाले बसली.

तरी साहेबानं काय ठरवलं हे कोणालेच मालूम नव्हतं.

रविवारी मालकानं घंटी वाजवली अन् मांगच्या बाकड्यावर बसले. आमच्याकडे पहिले माणसं जातात, उजव्या बाजूनं. मंग बाया, डाव्या बाजूनं. मालक मुद्दाम सर्वात शेवटी गेले. माणसायच्या रांगेच्या टोकाले गुडघे टेकले. त्यायच्या पुढची जागा रिकामी. साहेब प्याला घेऊन येऊन राहिले होते. दोन माणसं राहिले, एक राहिला. माहा जीव त्या प्याल्यात.

तवा बायायच्या बाजूनं काठी वाजली. मार्थाबाई उठली, मधून सरळ चालत गेली अन् मालकाच्या बाजूले गुडघे टेकून बसली.

मांगून कोणी म्हटलं, "बाई, ती माणसायची बाजू आहे."

"मले कमी दिसते," ती म्हणाली. सारं चर्च ऐके इतक्या जोरात.

साहेबानं प्याला मालकाच्या तोंडाले लावला. त्यायनं पिलं. साहेबानं नेहमीसारखी कोर पुसली, प्याला थोडा फिरवला अन् मार्थाबाईसमोर धरला. तिनं तो दोन्ही हातानं घेतला, उलट्या बाजूनं फिरवून परत पहिल्या जागी आणला, अन् ह्यायनं जिथं तोंड लावलं होतं तिथूनच पिली. कमी दिसणारीले ते बरोबर दिसलं.

मंग बायायची पाळी आली. दाऊदराव अन् त्यायची बायको सुलोचनाबाई उठून बाहेर गेले. आणखी काही जण गेले. काही जाग्यावर बसून राहिले. बाकीच्या आल्या. मी पण गेली. मेजावर मोगरा होता, गिलास चमकून राहिला होता.

दाऊदराव तीन महिने मेजापाशी आले नाहीत. उपासनेले येत, प्रभुभोजनाच्या आधी उठून जात. मार्थाबाई त्यायले एक शब्द बोलली नाही. एका रविवारी ते लवकर आले, घंटीच्या खोलीसमोरून चालले होते. ती मालकाच्या मनगटाले दोरी बांधाले बसली होती. तिथूनच म्हणे, "दाऊदराव, जरा इकडे या जी. माह्या बोटायले वात आला, गाठ बसून नाही राहिली."

दाऊदराव उभे राहिले. घड्याळ पाहिलं. घंटीची वेळ झाली होती, अन् ते वेळेचे पक्के. त्यायनं चष्मा वर केला, खाली बसले, मालकाचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला अन् पट्टी गुंडाळली.

"घट्ट झालं का गा मारोती?"

"सांगता येत नाही जी," मालक म्हणाले, "मले तिथं समजतच नाही."

दाऊदराव हसले. मी त्यायले हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात ते अन् सुलोचनाबाई मेजापाशी आले. दोरी मात्र त्यायनं मंग कोणालेच बांधू दिली नाही. आमची गाठ सैल राहते म्हणत. मार्थाबाईच्या वाताचं काय झालं, मी विचारलं नाही. दुपारी ती मनुकायचे देठ तोडून राहिली होती, चटचट.

असे किती वर्षं गेले. पहिल्या रविवारी मालक टोकाले अन् त्यायच्या बाजूले मार्थाबाई. माणसायच्या बाजूची ती एक जागा बाईची झाली, कोणी काही म्हणेना. मंग ती खाटेवर पडली. साहेब प्याला घेऊन तिच्या खोलीत आले, तं तिनं तोंड फिरवलं. म्हणे, "पहिले दादाले." मालकाले बोलावून आणलं. ते पिले, मंग ती पिली. चार दिवसानं गेली.

दाऊदरावनं दोरी बांधली, मालकानं घंटी वाजवली. माती द्याले साऱ्या प्रकारचे लोक आले. रिक्षेवाले आले, वस्तीतली ती बौद्ध बाई आली, पोराले घेऊन, तो आता मास्तर झाला होता. कबरस्तानाच्या फाटकात ते सारे उभेच राहिले, आत जाव का नाही. मी म्हटलं, "भाऊ, ह्या खाटेले हात लावा." ते आत आले.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजन आलं. गिलासात मी फुलं ठेवले. मालक शेवटी गेले, टोकाले बसले. बाजूची जागा रिकामी. मी मनात म्हटलं, आता मी जातो, माहाच हक्क आहे. लुगडं सावरून उठून राहिली होती, तं सुलोचनाबाई माह्या आधी निघाली. तिच्या मांगून दुसऱ्या दोघी. मधल्या वाटेवरच त्यायची कुजबुज.

"मी पहिले उठली."

"तू मांगच्या बाकड्यावर होती वं."

"मार्थाबाईनं मले सांगितलं होतं."

"कवा? तिनं तं मले सांगितलं होतं."

साहेब प्याला धरून थांबले होते. मालकानं मान वळवून पाहिलं अन् थोडे सरकले. तिघी दाटीनं बसल्या.

मले जागा भेटली नाही.