हेडबाईंची जपानी बासरी

हेडबाईंना कौतुक सहन होत नसे. रस्त्यात भेटलेला एखादा जुना विद्यार्थी वाकून नमस्कार करी आणि म्हणे, "बाई, तुमच्यासारखं गणित पुन्हा कुणी शिकवलं नाही." त्यावर बाई चष्मा वर सारून त्याच्याकडे पाहत आणि विचारत, "असं? मग मुलाला तू वर्गमूळ कसं शिकवतोस, ते सांग बघू." तो गडबडून जाई. "बघ, म्हणजे मी नीट शिकवलं नव्हतं," असे म्हणून बाई पुढे चालू लागत. या बोलण्यात विनय नव्हता. पुरावा नसलेले विधान त्या खोडून टाकत, इतकेच.

सांगलीतल्या आमच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना हेडबाईच म्हणत. मूळ गाव वाई. वडील कृष्णेच्या घाटावर याज्ञिकी करणारे. लहानपणी बाईंनी बासरी मागितली, तेव्हा ते म्हणाले होते, "मुलींनी फुंकायची ती चुलीपुढची फुंकणी." ही गोष्ट बाईंनी मला सांगितली ती भूमितीतला सिद्धांत मांडावा तशी. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हा झाला पक्ष. साध्य अजून बाकी आहे."

नव्वदचे दशक सरत आले होते. विश्रामबागेत सलीमने नुकतेच सायबर कॅफे उघडले होते. वडिलांचा हळदीचा व्यापार सोडून पोरगा डबडी घेऊन बसला, असे पेठेत म्हणत. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून संशोधनाच्या जागांसाठी प्राध्यापकांना ई-मेल पाठवायला तिथे जात असे. एके दिवशी शेजारच्या संगणकासमोर हेडबाई दिसल्या. पदराने पडदा पुसून त्या एका बांबूच्या नळीचे चित्र न्याहाळत होत्या. ती जपानमधली शेकडो वर्षांपूर्वीची बासरी होती, हितोयोगिरी. मधल्या काळात ती वाजवणारे कुणी उरले नाही, आणि आता जुन्या पोथ्यांवरून काही जण तिला पुन्हा उभी करत होते. त्यांतले एक शिक्षक ई-मेलवरून इंग्रजीत धडे देत.

"पण बाई, आपली बासरी का नाही?" मी विचारले.

"इथं शिकायला गेले तर पहिल्या दिवशीच ऐकावं लागेल, बाई, उशीर झाला. या वाद्याची परंपराच तुटलेली आहे. तिथं सगळेच नवशिके. मग मलाच उशीर झाला असं कोण म्हणणार?"

या युक्तिवादात मला आजही फट सापडलेली नाही.

बासरी मिरजेच्या एका कारागिराकडून करून घेतली. जेमतेम दीड वीत लांब, मधोमध बांबूची एकच गाठ आणि आडवी नव्हे तर उभी धरून टोकाच्या खाचेवर फुंकायची. मापे जपानहून आली होती. कारागिराने मात्र सवयीप्रमाणे बिनगाठीचा सरळसोट तुकडा निवडला. बाईंनी तो परत केला. तो म्हणाला, "आवं बाई, गाठ ठिवली तर लोकं म्हनतील, म्हातारपनी ह्याला बांबू पारखता येईना. माजं नाव जाईल की."

"तुमचं नाव त्यावर घालू नका. पण गाठ हवी. ती नसेल तर हे वाद्य ते वाद्यच नव्हे."

गाठ राहिली. आतून पोखरताना त्याने बाईंना काय काय म्हटले असेल, ते त्यालाच ठाऊक.

मग धड्याची फाईल आली. सलीमकडची लाईन सारखी तुटे. बाईंनी घड्याळाकडे पाहिले की तो म्हणे, "जपान हाय ते बाई, पलूस न्हाई. येळ लागतोय." अखेर फाईल उतरली. सुरुवातीला शिक्षकांचे एक वाक्य होते, गुहेतून आल्यासारखे खोल आणि संथ. त्यामागोमाग एक जुनी रचना, तितकीच संथ. "केवढा अधिकार आहे आवाजात!" बाई म्हणाल्या. ऐंशीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे ऋषितुल्य गृहस्थ त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि पत्राचा मायना तेव्हापासून 'आदरणीय गुरुजी' असा झाला.

सलीमने ती फाईल कॅसेटवर उतरवून दिली. बाई रोज पहाटे रियाज करत. त्यांना दम्याचा त्रास होता. हळदीच्या हंगामात गावात धूळ उडाली की पायऱ्या चढतानाही त्या थांबत. तरीही ते लांबलचक सूर एका श्वासात बसवण्याचा त्यांचा हट्ट होता. सूर मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या काकू काळजीने म्हणाल्या, "बाई, फुंकून फुंकून जीव जाईल हो एखाद्या दिवशी." बाई म्हणाल्या, "जाऊ दे, पण सूर पुरा झाल्यावर."

एकच गोष्ट त्यांना खुपत होती. त्या आपले वय, दमा, अडचणी सगळे सविस्तर लिहीत, आणि उत्तर येई, 'फार छान. असेच चालू ठेवा.' मी म्हटले, "चांगलंच आहे की." बाईंनी मान हलवली. "ही विचारपूस झाली गं, शिकवणं नव्हे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. माझी चूक काढील असा गुरू मला एकदा तरी हवाय." दमा वाढत होता. त्यासाठी किती अवधी उरला आहे, याचा हिशेब त्यांनी मनात मांडलेला असावा.

शेवटी त्यांनी ती पूर्ण रचना वाजवली. आम्ही ती संगणकावर ध्वनिमुद्रित करून पाठवली. उत्तर आले, 'अतिशय सुंदर. खोल अनुभव. धन्यवाद.'

दरम्यान माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता. कॅसेटवरचा सूर बाईंच्या बासरीपेक्षा बरोबर एक सप्तक खाली होता. बाईंना वाटे, आपली फुंक कमी पडते. पण एवढ्या आखूड नळीतून तो स्वर निघणेच शक्य नव्हते, आणि फुंकीचा त्याच्याशी संबंध नव्हता. बाईंना शेजारी बसवून मी सलीमकडच्या दुसऱ्या संगणकावर तीच फाईल लावली. ती दुप्पट वेगाने, एक सप्तक वर वाजली. पहिला संगणक तिला निम्म्या वेगाने वाजवत होता. आणि सुरुवातीचे ते गुहेतले वाक्य आता एक कोवळा, किंचित घाबरलेला तरुण बोलत होता.

"अगं, हा तर पोरगा निघाला!" बाई खुर्चीत मागे रेलून हसत सुटल्या. सलीमही हसला. "आन् बाई, तुमी त्येला आदरणीय लिवताय!"

मग बाईंचे हसू थांबले. "थांब. मी ती रचना निम्म्या वेगानं वाजवून पाठवली. आणि याला ती अतिशय सुंदर वाटली?"

"बाई, पण ती खरोखरच सुंदर होती," मी म्हणाले. "आणि त्या काळी वेग काय होता, हे तरी आज नक्की कुणाला ठाऊक आहे?"

"असेल सुंदर. पण त्यानं दिलेला धडा तो नव्हता. त्यानं माझं वाजवणं ऐकलं नाही, वय ऐकलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुलाही 'मुलगी असून हुशार' म्हणतात ना? त्या लोकांनी तुझं गणित तपासलेलं नसतं, लक्षात ठेव."

त्यांनी तिथेच पत्र लिहिले. या वेळी मायना साधा होता. मजकूर असा : मी मोठी आहे म्हणून तुम्ही गप्प बसता. मी निम्म्या वेगाने वाजवले, ते तुम्ही सांगायला हवे होते. मी विद्यार्थिनी आहे, तुमच्या आजीची मैत्रीण नव्हे. आता योग्य वेगाने वाजवून पाठवते. कृपया चुका काढा.

नवा वेग बसवता बसवता पावसाळा संपला. जुनी सवय मोडणे नव्याने शिकण्याहून अवघड असते. पाठवलेल्या ध्वनिमुद्रणात एका ठिकाणी त्यांच्या छातीची घरघर ऐकू येत होती. मी म्हटले, तेवढे पुन्हा घेऊ. "नको. जे आहे ते तपासू दे त्याला."

उत्तर यायला बरेच दिवस लागले. ते लांबलचक होते. दुसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतला आहे. खालचा स्वर चढा लागतो, हनुवटी खाली घ्या. शेवटचा सूर कंटाळून सोडल्यासारखा वाटतो, तसा सोडू नका. कौतुकाचा एक शब्दही नव्हता. बाई मोठ्याने वाचत होत्या. सलीम काउंटरमागून उठून आला.

"बाई, लय रागावलाय व्हय त्यो?"

"रागावला नाही रे," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "शिकवायला लागला."

पुढच्या उन्हाळ्यात मला संशोधनाची जागा मिळाली. निरोप घ्यायला गेले, तेव्हा बाई हनुवटी खाली घेऊन तोच खालचा स्वर लावत बसल्या होत्या. श्वास आता फार पुरत नव्हता, पण स्वर उतरून जागेवर आला होता. मी ते सांगितले नाही. त्याचा निवाडा करायला जपानमध्ये एक जण होता. त्याच वर्षी बाई गेल्या.

काही महिन्यांनी मी माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा मसुदा मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यांनी पाने चाळली, "छान आहे, हुशार मुलगी," असे म्हणून तो परत दिला आणि दुसरे कागद जवळ ओढले. मी उठले नाही. खुर्ची पुढे सरकवली, मसुदा पुन्हा त्यांच्यासमोर उघडला आणि म्हणाले, "सर, कुठं चुकलंय ते सांगा."